वाचकांचे प्रश्न : नेटवर्क अ‍ॅडमिनची नोकरी आणि तिची तयारी

परीक्षांचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढतो. यंदा त्यांतील बरीच पत्रे नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या नेटवर्क अ‍ॅडमिनच्या कामाविषयी आहेत. निवडक पत्रे थोडी कापून, नावे गाळून आणि फक्त गावांची नावे ठेवून खाली दिली आहेत. पगार किती मिळतो असे अनेकांनी विचारले आहे. परंतु तो शहर, कंपनी, पाळी आणि उमेदवाराची तयारी यांनुसार इतका बदलतो की एकच आकडा छापला तर कुणाची तरी दिशाभूल होणारच, म्हणून तो प्रश्न मी जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे.

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. कोडिंगमध्ये मन रमत नाही, पण कॉलेजच्या लॅबमधले नेटवर्क जोडण्याचे काम आवडीने केले होते. घरचे म्हणतात, नेटवर्किंग म्हणजे वायरी ओढण्याचे काम. नेटवर्क अ‍ॅडमिन दिवसभर नेमके काय करतो? मी सीसीएनए (नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीची परीक्षा) करावे का? — एक विद्यार्थी, सांगली

तुमच्या घरच्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. या क्षेत्रातील अनेकांनी सुरुवातीच्या दिवसांत शिडीवर चढून, फॉल्स सीलिंगच्या पट्ट्या सरकवून केबल ओढलेली असते, आणि ज्याने ती कधीच ओढलेली नाही त्याने कागदावर काढलेले आराखडे पुढे प्रत्यक्षात अडतात. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते आणि त्यातले ९० मीटर भिंतीतल्या कायमच्या जोडणीसाठी व उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी धरायचे असतात, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते. गोदामाच्या पलीकडच्या टोकाला लावलेला कॅमेरा अधूनमधून उगाच बंद पडू लागतो, तेव्हा त्या ओळीचा अर्थ खऱ्या अर्थाने कळतो.

मात्र वायर हा या कामाचा पाया आहे, सगळे काम नव्हे. मध्यम आकाराच्या कंपनीतील अ‍ॅडमिन सकाळी आल्यावर प्रथम मॉनिटरिंगचा पडदा पाहतो. त्यासाठी झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस यांसारखी मोफत साधनेही उपलब्ध आहेत. रात्रीतून कोणती लिंक पडली, दोन इंटरनेट लाइन्सपैकी कोणती बंद होऊन सगळा भार दुसरीवर गेला, कोणत्या स्विचच्या पोर्टवर चुका वाढताहेत, हे त्यावर दिसते. नंतर तक्रारींची टिकेटे येतात, आणि त्यांतली बरीचशी ‘नेट स्लो आहे’ या तीन शब्दांपलीकडे काहीच सांगत नाहीत. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन करून डॉकेट (तक्रारीचा) नंबर घ्यायचा, ‘आमच्या बाजूने सगळे ठीक आहे’ हे ठरलेले उत्तर शांतपणे ऐकायचे आणि मग ट्रेसरूटचा (माहिती कोणत्या मार्गाने जाते व कुठे अडते हे दाखवणाऱ्या आज्ञेचा) निकाल पुढे ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायचे, हाही या नोकरीचा मोठा भाग आहे, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) बदलणे, नवीन व्हीलॅन (एकाच जाळ्यातला वेगळा केलेला कप्पा) टाकणे, फायरवॉलचे (जाळ्यातली ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्याचे) नियम आवरणे यांसारखी जोखमीची कामे बहुधा शनिवारी रात्री, आधी मंजुरी घेतलेल्या वेळेत होतात. चांगला अ‍ॅडमिन अशा कामाला हात घालण्यापूर्वी चालू कॉन्फिगरेशनची प्रत बाजूला ठेवतो आणि काम बिघडले तर मागे कसे यायचे हे आधी लिहून काढतो.

आता सीसीएनएविषयी. सिस्को कंपनीच्या या परीक्षेला कोणतीही पूर्वअट नाही. ती १२० मिनिटांची असते, तिचे शुल्क ३०० अमेरिकी डॉलर असून त्यावर कर लागतो, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे वैध राहते. अभ्यासक्रमात सर्वाधिक २५ टक्के भार आयपी कनेक्टिव्हिटीला, म्हणजे मुख्यतः राउटिंगला (माहितीला एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्याकडे वाट दाखवण्याला) आहे. नेटवर्कची मूलतत्त्वे आणि नेटवर्क अ‍ॅक्सेस यांना प्रत्येकी २०, सुरक्षेला १५, आणि आयपी सेवा व ऑटोमेशन यांना प्रत्येकी १० टक्के आहेत. परीक्षा अवश्य द्या. कारण त्या निमित्ताने अभ्यास क्रमाने होतो आणि नवख्या उमेदवाराचा अर्ज पुढे सरकायला ती मदत करते. परंतु मुलाखत घेणारा तुमचे प्रमाणपत्र बाजूला ठेवून बहुधा असे काहीतरी विचारील : शेजारच्या टेबलावरील संगणकावर इंटरनेट चालते आहे, याच्यावर नाही, तुम्ही काय कराल?

या प्रश्नाला ‘रीस्टार्ट करीन’ असे उत्तर देणारे उमेदवार तिथेच थांबतात. अपेक्षा अशी असते की आधी केबल लावलेल्या पोर्टचा दिवा पेटतो आहे का ते पाहावे. मग आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन यंत्राला कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडून (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरकडून) पत्ता आलेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता घेतला आहे, हे उघड होते. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला (बाहेर जाण्याच्या दाराला, म्हणजे राउटरला) पिंग करावे, म्हणजे उत्तर येते का ते पाहावे, त्यानंतर बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला पिंग करावे. आणि तिथून उत्तर येत असूनही संकेतस्थळ नावाने उघडत नसेल तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, घ्यावा. खालून वर, एकेक पायरी तपासत आणि प्रत्येक पायरीवर अर्धी शक्यता बाद करत जाणे, एवढेच त्यात अपेक्षित असते. ज्याला हे जमते त्याला उरलेले शिकवता येते, असे मुलाखत घेणाऱ्यांचे मत असते, आणि ते मला पटते.

सबनेटिंगची, म्हणजे पत्त्यांचे लहान गट पाडण्याच्या हिशेबाची, भीती मात्र आत्ताच घालवा. १९२.१६८.१०.० स्लॅश २६ म्हटले की एकूण ६४ पत्ते, त्यांतला पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा), म्हणून यंत्रांसाठी ६२, हे हिशेब कागदाशिवाय झाले पाहिजेत. रोज रात्री दहा उदाहरणे सोडवली तर महिन्याभरात हात बसतो. राहता राहिला कोडिंगचा कंटाळा. परीक्षेतील ऑटोमेशनचे ते १० टक्के तुम्हाला सुटका देणार नाहीत, आणि नोकरीत तर दोनशे स्विचवर एकच ओळ बदलण्याची वेळ आली की पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे थोडेसे ज्ञान असलेला माणूस संध्याकाळी वेळेवर घरी जातो.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन असून पाच वर्षे एका केबल ऑपरेटरकडे फायबरची कामे करतो. स्प्लायसिंग (फायबर जोडणे), ओएनयू (ग्राहकाच्या घरचे फायबरचे यंत्र) बसवणे, तक्रारी सोडवणे हे सगळे येते. इंग्रजी जेमतेम, वय २८. मला नेटवर्क अ‍ॅडमिन होता येईल का, की पुन्हा पहिल्यापासून डिप्लोमा करावा लागेल? — एक वाचक, बार्शी

तुमच्या पत्रातले एक वाक्य जागेअभावी गाळले आहे, पण ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले : ‘मीटरवर उणे २७ दिसले की फोन यायच्या आधीच मला कळते, हे घर आज तक्रार करणार.’ (मीटर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर दाखवतो; उणे २७ म्हणजे ती फार कमी.) ज्या तरुणाला आपल्या गल्लीतील कोणत्या घरी एरवी किती पॉवर येते हे ठाऊक असते आणि त्यात फरक पडला की जो कनेक्टरची घाण, फायबरला पडलेला बाक किंवा स्प्लिटरमधला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागातला) दोष यांचा क्रमाने विचार करतो, तो अ‍ॅडमिनच्या कामाचा अवघड भाग आधीच शिकलेला आहे. एकास आठचा स्प्लिटर साधारण साडेदहा डीबी (पॉवर घटण्याचे माप) खातो हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. अनेक पदवीधरांना ते पाठ करावे लागते आणि तरीही ते विसरतात.

तुमच्याकडे नाही ते एवढेच, की ओएनयूच्या पुढे गेल्यावर आतमध्ये काय घडते याचे ज्ञान. ते मिळवण्याची जागा तुमच्या मालकाच्या कार्यालयातच आहे. ग्राहकाचे युजरनेम आणि पासवर्ड पीपीपीओईतून (लॉगिनच्या पद्धतीतून) कुठे तपासले जातात, ओएलटीवर (ऑपरेटरकडच्या फायबरच्या मुख्य यंत्रावर) कोणत्या ग्राहकाला कोणता व्हीलॅन दिला आहे, वेग कुठे मर्यादित केला जातो, हे राउटर सांभाळणाऱ्या माणसाजवळ बसून पाहा. तालुक्याच्या ठिकाणी हे काम बहुधा लॅटव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरवर चालते, आणि त्याच कंपनीच्या राउटरची सीएचआर नावाची संगणकावर चालणारी आवृत्ती मोफत मिळते. मोफत परवान्यात वेग प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएस एवढाच मिळतो, पण शिकायला तेवढा पुरतो. मालकाच्या चालू राउटरवर प्रयोग करू नका, एवढे मात्र सांगून ठेवतो. संध्याकाळी मालिका-क्रिकेटच्या वेळेला गाव बंद पडले तर शिक्षण तिथेच संपेल.

पहिला धडा म्हणून तुमच्याकडे नेहमी येणारी एक तक्रार घ्या : ग्राहकाने दुकानात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) बसवला आहे, दुकानात मोबाइलवर कॅमेरे दिसतात, घरून मात्र दुकानाच्या आयपी पत्त्यावर जोडणी होत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राउटरमधून आतल्या यंत्राकडे वळवणे, करूनही उपयोग होत नाही. अशा वेळी ग्राहकाच्या राउटरला मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल तर ऑपरेटरने एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे, म्हणजेच तिथे सीजीनॅट आहे. ही मालिका २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आली. बाहेरून आलेली मागणी कोणत्या ग्राहकाकडे पाठवायची हे वरच्या राउटरला माहीतच नसते, त्यामुळे ग्राहकाच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी व्यर्थ आहे. नेहमीचे उपाय दोन : ग्राहकाला स्थिर सार्वजनिक पत्ता द्यायचा, किंवा कॅमेरा कंपनीच्या क्लाउड सेवेवरून पाहायचा. हे एक प्रकरण नीट समजले की खाजगी पत्ते, नॅट (एक सार्वजनिक पत्ता अनेकांनी वाटून वापरणे), राउटिंग आणि पोर्ट या चारही गोष्टी एकदमच उलगडतात, आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची टंचाई नसलेली नवी पद्धत) कशासाठी आले तेही कळते.

पुन्हा पहिल्यापासून डिप्लोमा करण्याची गरज मला वाटत नाही. परंतु मोठ्या कंपन्यांच्या भरतीत पदवी नसलेला अर्ज चाळणीतच अडकतो, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणाहून नोकरी सांभाळून पदवी सुरू करून ठेवा आणि तिला तुमच्या अभ्यासाची अडचण न होऊ देता चालू द्या. पुढची उडी थेट मुंबई-पुण्याच्या कंपनीत मारण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या इंटरनेट सेवा पुरवठादाराकडे राउटर सांभाळण्याचे काम मिळते का ते पाहा. इंग्रजीचा बाऊ करू नका. राउटरच्या आज्ञांत येणारे शब्द मोजके असतात आणि ते व्याकरण मागत नाहीत. मात्र झालेला बिघाड, त्याचे कारण आणि केलेला उपाय चार सरळ इंग्रजी वाक्यांत लिहिण्याचा सराव आजपासून करा, कारण मोठ्या कंपनीत तुमची पारख तुमच्या टिकेटवरच्या नोंदीवरून होते.

आमच्या मुलीला ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये एनओसी (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रातील) इंजिनिअर म्हणून नोकरी मिळाली आहे. फिरती पाळी आहे, त्यात रात्रपाळीही येते. आम्ही काळजीत आहोत. नकार द्यावा का? — एक आई, ठाणे

नकार देण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहा. पहिली सुरक्षिततेची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीखेरीज कामावर बोलावता येत नाही, आणि संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची, लैंगिक छळापासून संरक्षणाची आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था मालकाने करायची असते. तेव्हा नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी मुलीने मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारावे की गाडी दारापर्यंत येते की स्थानकापर्यंत, गाडीत सोबत कोण असते आणि रात्री पाळीवर आणखी किती जण असतात. उत्तर लेखी घ्यावे. चांगल्या कंपनीला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

दुसरी गोष्ट शिकण्याची. एनओसी म्हणजे नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधली पहिली पायरी, म्हणजे एल वन, रटाळ वाटते; पडद्यावरचे इशारे पाहायचे, टिकेट उघडायचे आणि वरच्या पायरीकडे पाठवायचे. पण शेकडो उपकरणांचे रोजचे वागणे एका ठिकाणी बसून पाहण्याची अशी संधी नवख्या माणसाला दुसरीकडे क्वचितच मिळते, आणि वरिष्ठ मंडळी झोपेत असताना रात्री आलेला बिघाड शिकवून जातो. मुलीने प्रत्येक टिकेट पुढे पाठवल्यावर ते शेवटी कसे सुटले हे दुसऱ्या दिवशी वाचण्याची सवय लावावी. दीड-दोन वर्षांनंतरही काम फक्त ‘पुढे पाठवणे’ एवढेच राहिले असेल, तर मात्र वरची पायरी मागावी किंवा दुसरीकडे पाहावे. तिची स्वतःची इच्छा काय आहे हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. संमती कायद्याने तिची मागितली आहे, हे लक्षात घ्यावे.

एका संस्थेने ‘सीसीएनए, सीसीएनपी आणि शंभर टक्के प्लेसमेंट’ असा (सीसीएनपी म्हणजे सीसीएनएच्या पुढची पायरी) एकत्र कोर्स ८५ हजारांत देऊ केला आहे. प्रवेश घ्यावा का? — एक पालक, कोल्हापूर

सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क कर धरून तीस हजारांच्या आसपास जाते. ते या ८५ हजारांत धरले आहे का, हे आधी विचारा. संस्थेचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि पीअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर परीक्षा देऊन मिळणारे सिस्कोचे प्रमाणपत्र या वेगळ्या वस्तू आहेत. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा अर्थ बहुधा मुलाखतीला पाठवण्याची हमी असा निघतो, नोकरीची नव्हे, म्हणून ते शब्द पावतीवर लिहून देतात का पाहा. लॅबमध्ये जाऊन खरे स्विच आणि राउटर किती आहेत आणि विद्यार्थ्याचा हात त्यांना आठवड्यातून किती तास लागतो, हे स्वतः बघून या. फुटलेल्या प्रश्नांची पुस्तके, ज्यांना डम्प म्हणतात, ती पाठ करून घेणाऱ्या संस्थेपासून दूर राहा. ते परीक्षेच्या करारातही बसत नाही आणि मुलाखतीत दहा मिनिटांत उघडे पडते. शिस्त असलेल्या मुलाला एनपीटेल या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमावरचे संगणक-नेटवर्कचे मोफत अभ्यासक्रम आणि घरचा सराव एवढ्यावरही हे जमते. शिस्त नसेल तर संस्थेचा उपयोग होतो, पण मग ती जवळची आणि स्वस्त असली तरी चालते.

मी साठ खाटांच्या रुग्णालयात एकटाच आयटी सांभाळतो. रोज संध्याकाळी ओपीडीतील तीन-चार संगणकांचे बिलिंग सॉफ्टवेअर बंद पडते, रीस्टार्ट केले की कधी चालते, कधी नाही. बंद पडलेल्या यंत्रावर पत्ता १९२.१६८.० ने सुरू होणारा दिसतो, आमचे बाकी सगळे पत्ते १०.१० ने सुरू होतात. व्यवस्थापन म्हणते, नेटवर्कच बदलून टाकू. मी काय करू? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नेटवर्क बदलू नका. तुम्ही स्वतःच निदान लिहून पाठवले आहे, फक्त त्याला नाव दिलेले नाही. तुमच्या रुग्णालयात पत्ते वाटणारा दुसरा डीएचसीपी सर्व्हर आला आहे. कुणीतरी घरगुती वाय-फाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये तुमची भिंतीतली केबल खुपसली की असे होते. संगणक सुरू होताना पत्ता मागतो तेव्हा ती हाक सगळ्या नेटवर्कभर जाते, आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता संगणक घेतो. तुमच्या सर्व्हरने उत्तर आधी दिले तर बिलिंग चालते, पाहुण्या राउटरने दिले तर बंद पडते. रीस्टार्टचा भरवसा नाही तो यामुळेच. हे संध्याकाळीच घडते याचा अर्थ ते यंत्र संध्याकाळीच चालू होते, तेव्हा दुपारनंतर कोणत्या खोल्या उघडतात याची यादी आधी करा.

शोध असा घ्या. बंद पडलेल्या संगणकावर, तो रीस्टार्ट करण्यापूर्वी, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल ही आज्ञा द्या. डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत जो पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.०.१, त्याला पिंग करा आणि लगेच एआरपी उणे ए ही आज्ञा द्या. त्या यंत्राचा मॅक पत्ता (उपकरणाला कारखान्यातच दिलेला क्रमांक) मिळेल. मॅक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून ते उपकरण कोणत्या कंपनीचे आहे हे बहुतेक वेळा कळते. आता मुख्य स्विचच्या मॅक टेबलमध्ये तोच पत्ता कोणत्या पोर्टवर दिसतो ते पाहा, त्या पोर्टवर दुसरा स्विच असेल तर त्याच्यातही तेच पाहा, आणि शेवटच्या पोर्टची केबल धरून चालत जा. ती बहुधा एखाद्या तपासणी-कक्षात टेबलामागे संपेल. तिथल्या डॉक्टरसाहेबांना मोबाइलला रेंज मिळत नसल्यामुळे त्यांनी राउटर आणला असेल, तर तो काढून नेण्याआधी त्यांना वाय-फाय कसे देणार हे ठरवून जा. नाहीतर पुढच्या आठवड्यात तो परत येईल.

कायमचा उपाय स्विचवरच आहे. व्यवस्थापित स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंग नावाची सोय असते. ती चालू करून फक्त तुमच्या सर्व्हरकडचा पोर्ट आणि स्विच-स्विचमधल्या जोडण्या विश्वासू ठरवल्या, की अन्य कोणत्याही पोर्टवरून आलेली पत्तेवाटप स्विच टाकून देतो. ही सोय नसलेले स्वस्त स्विच ओपीडीत असतील, तर व्यवस्थापनाच्या ‘बदलून टाकू’ या उत्साहाचा फायदा घ्या आणि तेवढे दोन-तीन बदलून घ्या. त्याच ओघात कॅमेरे, पाहुण्यांचे वाय-फाय, बिलिंग आणि एक्स-रे-सोनोग्राफीची यंत्रे वेगवेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. रुग्णाच्या नातेवाइकाचा मोबाइल आणि तुमचे एक्स-रे यंत्र एकाच जाळ्यात असणे हे या पाहुण्या राउटरपेक्षा जास्त धोकादायक आहे.

आणि हे सारे करताना लिहीत जा. कोणत्या भिंतीतला कोणता पोर्ट कोणत्या स्विचला जातो, कोणत्या यंत्राचा पत्ता कायमचा ठरवून दिला आहे, फायरवॉलमध्ये कोणता नियम कुणाच्या सांगण्यावरून टाकला, हे तुमच्या डोक्यात आहे तोवर तुम्हाला रजा मिळणार नाही. शिवाय सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, यंत्रणांचे लॉग (घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात आणि घड्याळे ठरवून दिलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवायची असतात. तुमचे रुग्णालय कोणत्या स्वरूपाची संस्था आहे त्याप्रमाणे हे कसे लागू होते ते तुमच्या सल्लागाराला विचारा. पण लॉग ठेवायला आणि घड्याळे जुळवायला कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. तीन स्विचवर तीन वेगवेगळ्या वेळा असतील, तर बिघाड कुठे सुरू झाला हे कधीच सांगता येत नाही.

सगळे क्लाउडवर चालले आहे आणि उरलेले एआय करील असे ऐकतो. नेटवर्क अ‍ॅडमिनचे काम दहा वर्षांनी राहील का? माझे वय ४१, अनुभव पंधरा वर्षांचा. — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

काही काम निश्चित कमी होणार आहे, आणि त्याचा शोक करण्यासारखे त्यात काही नाही. प्रत्येक स्विचवर जाऊन हाताने त्याच त्या ओळी टाकणे, पासवर्ड बदलणे, अहवाल भरणे ही कामे आधीच पायथन आणि अ‍ॅन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनाकडे गेली आहेत. ज्यांचा सगळा दिवस त्यातच जातो त्यांनी काळजी केली पाहिजे.

पण क्लाउडवर गेल्याने नेटवर्क नाहीसे होत नाही. अ‍ॅमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला विभाग २०१५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आपल्याकडच्या कंपन्यांनी घाईघाईत आपली यंत्रे तिकडे हलवली. त्यांतील अनेकांनी क्लाउडमध्येही १०.०.०.० ची तीच मालिका घेतली जी त्यांच्या चाकणच्या कारखान्यात आधीपासून होती. दोन्ही ठिकाणे व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी वाटेने) जोडायची वेळ आली तेव्हा एकच पत्ता दोन्हीकडे आहे हे उघड झाले, आणि ते निस्तरायला शेवटी सबनेटिंग आणि नॅट जाणणारा माणूसच बोलवावा लागला. तुमची पंधरा वर्षे इथे उपयोगी पडतात. क्लाउडच्या नेटवर्किंगचे शब्द नवे आहेत, राउट टेबल (वाटांचा तक्ता) तेच आहे.

यंत्रांकडून काम करून घेण्यातला धोकाही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडले व सुमारे सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर सांगितले की देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळेच तुटले. अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनात दोष असल्याने ती अडली नाही. जाळे तुटल्यावर त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी स्वतःचे मार्ग बीजीपीतून (मोठी जाळी एकमेकांना आपले मार्ग कळवतात त्या पद्धतीतून) मागे घेतले, आणि दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पोहोचावे लागले. एकाच वेळी हजार ठिकाणी पोहोचणारी आज्ञा हजार ठिकाणी चूकही पोहोचवते. तेव्हा मुख्य नेटवर्क बंद असतानाही उपकरणांपर्यंत जाता येईल अशी वेगळी वाट ठेवणे, बदल आधी एका लहान ठिकाणी करून पाहणे, आणि बिघाडाच्या वेळी पहिल्या दहा मिनिटांत कशाला हात लावायचा नाही हे ठाऊक असणे, याची किंमत वाढतच जाईल. एआयच्या साधनांनी लॉग वाचण्याचे कष्ट बरेच हलके केले आहेत, मीही ती वापरतो. मात्र त्यांनी सुचवलेली आज्ञा चालू राउटरवर टाकण्यापूर्वी ती प्रत्येक ओळ काय करते हे सांगता येत नसेल, तर ती टाकू नये.

एक्केचाळिसाव्या वर्षी मी तुम्हाला नवे प्रमाणपत्र आधी सुचवणार नाही. तुमच्याच कंपनीत सर्वांत कंटाळवाणे, दर आठवड्याला करावे लागणारे एक काम निवडा, उदाहरणार्थ सगळ्या स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत घेणे, आणि ते पायथनने करून दाखवा. प्रती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवल्या की कालच्या आणि आजच्या कॉन्फिगरेशनमध्ये कोणत्या ओळीचा फरक पडला हे आपोआप दिसते. हे साधले, की मग क्लाउडच्या नेटवर्किंगची परीक्षा द्यायला हरकत नाही.

सरावासाठी कोणता लॅपटॉप घ्यावा? खरे राउटर घरी घेणे परवडत नाही. — एक विद्यार्थिनी, फोंडा, गोवा

खऱ्या राउटरची आत्ता गरज नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीवर मोफत खाते उघडले की पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर मिळते, आणि सीसीएनएपर्यंतचा जवळजवळ सगळा सराव त्यात होतो. त्याला ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप चालतो. पुढे जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी ही तशीच साधने वापरून चार-पाच राउटर एकाच वेळी चालवायचे असतील तर १६ जीबी रॅम लागेल, म्हणून नवा घेताना रॅम नंतर वाढवता येईल असाच घ्या. हाताला सवय व्हावी म्हणून जुन्या बाजारात मिळणारा एखादा व्यवस्थापित स्विच, क्रिंपिंगचे पक्कड, थोडे आरजे-४५ कनेक्टर आणि दहा मीटर कॅट-६ केबल घेतली तरी पुरे. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रिंप करण्यापूर्वी आठही तारा कनेक्टरच्या टोकाला टेकल्या आहेत का, हे समोरून उजेडात धरून पाहा, आणि केबलचे बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे. नाहीतर केबल आज टेस्टरवर पास होते आणि दोन महिन्यांनी हलवल्याबरोबर सुटते.